वानवळ्याचं वजन

राजारामपुरी, कोल्हापूर
बुधवार, पहाटे सव्वापाच

तीर्थरूप गणपतमामांना,

अनुजाचा वाकून नमस्कार. तुमचा उजवा गुडघा आता कसा आहे? मामी फोनवर "बरा हाय" म्हणाल्या, पण रविवारी तुम्ही जोतिबाच्या पायऱ्या उतरून परत चढल्याचं मला फोटोत दिसलं, तेव्हा गुडघा खरोखरच बरा असावा. मामींची साखर कशी आहे तेही कळवा. (उपाशीपोटीचा आकडा रोज वहीत लिहायला मी सांगितलं होतं. त्यांनी आठही दिवस "ठीक" असं लिहिलं आहे. ठीक हा आकडा नाही.) नवं रेडकू दूध नीट पितंय ना? मी बरी आहे. जेवते. झोपही होते, मात्र ती पहाटे चारला संपते.

पत्र पाहून तुम्हाला आश्चर्य वाटलं असेल. रविवार दुपारपासून मी तुम्हाला एकोणीस फोन केले. सतरा मामींनी घेतले, दोन कुणीच घेतले नाहीत. सतराही वेळा तुम्ही रानात होता. (मामा, आपलं रान तीन एकर आहे. एवढा वेळ रानात राहणारा माणूस एकतर पाणी पाजत असतो किंवा लपलेला असतो, आणि मंगळवारी तुमच्या पाण्याची पाळी नव्हती.) पत्राला "रानात गेल्यात" असं सांगून परत पाठवता येत नाही, म्हणून लिहिते आहे. वडगावला जाणाऱ्या दुधाच्या गाडीबरोबर पाठवते, म्हणजे नऊपर्यंत तुमच्या हातात पडेल.

तुम्ही नारळ फोडून सव्वाअकराला जोतिबाला निघून गेलात, त्यामुळे पुढचं तुम्ही पाहिलेलं नाही. ज्यांनी पाहिलं त्यांचं ऐकून विश्वास ठेवू नका. गेल्या तीन दिवसांत या प्रसंगाच्या अकरा हकिकती माझ्या कानावर आल्या, आणि त्यातल्या एकीत मी विमानाच्या शेपटीला लोंबकळते आहे. तेव्हा जे झालं ते क्रमाने लिहिते.

आधी माझं काम काय आहे ते सांगायला हवं, कारण आपल्या घरात ते कुणालाच नक्की ठाऊक नाही. (आई सगळ्यांना "अनू विमानात असते" एवढंच सांगते. मग लोक मला हवाईसुंदरी समजून माझ्याकडे नीट बघतात आणि बघून झाल्यावर गप्प होतात.) मी मालवाहू विमानाचा तोल काढते. विमानात माल किती आहे एवढं पाहून भागत नाही, तो कुठे ठेवला आहे तेही पाहावं लागतं. विमानाचा एक मध्य असतो. त्याच्यापासून जितकं लांब ठेवाल तितकं तेच वजन जास्त ओढतं. म्हणून मी प्रत्येक किलोला अंतराने गुणते, बेरीज करते, आणि उत्तर ठरलेल्या मर्यादेत बसलं तरच लोडशीटवर, म्हणजे वजनाच्या तक्त्यावर, सही करते. ती सही झाल्याशिवाय विमान हलत नाही. वजन मागे जास्त झालं तर विमान नाक वर करतं. जमिनीवर केलं तर हसं होतं. हवेत केलं तर ते नाक खाली आणता येईलच असं नाही, आणि त्याच्या पुढचं वाक्य मी लिहीत नाही.

तर रविवारी तुमच्या बागायतदार गटाचा पहिला माल हैदराबादला जायचा होता. त्रेचाळीस बागायतदार. ढबू मिरचीच्या एकशे दहा पेट्या, प्रत्येकी दहा किलो. जरबेराच्या साठ पेट्या, प्रत्येकी पाच किलो. साडेआठ ते नऊ चाळीसपर्यंत एकूण एकशे सत्तर पेट्या मी विमानतळावरच्या शेडमध्ये स्वतः काट्यावर घेतल्या, प्रत्येकीवर वजनाची चिठ्ठी चिकटवली. पुढच्या भागात मिरची आणि अगदी शेपटीकडे फुलं, असा आराखडा केला, कारण फुलं हलकी असतात. हे वाक्य मी सोमवारपासून स्वतःशी बऱ्याचदा म्हटलं आहे. फुलं हलकी असतात.

विमान अकरा पाचला उतरलं. तुमचा नारळ झाला, तुम्ही गेलात. कुंपणाबाहेर आपली शंभरेक माणसं होती आणि हलगीवाले होते (त्यांना कुणी बोलावलं हे अजून उघड झालेलं नाही). आधी मिरची चढली. मग फुलं चढायला लागली. आमच्याकडचा जोतीराम, जो माल चढवणाऱ्यांवर देखरेख करतो, मला येऊन म्हणाला, "म्याडम, फुलं आज लईच जड लागत्यात." मी त्याला विचारलं की ओली आहेत का. तो म्हणाला, "असतील की." मी चिठ्ठी पाहिली. चिठ्ठीवर पाच किलो होतं. अक्षर माझं होतं. मी माझ्या अक्षरावर विश्वास ठेवला.

बारा बावीसला शेवटची पेटी घेऊन जोतीराम मागच्या दारातून आत गेला. जोतीराम अठ्ठावन्न किलोंचा आहे. त्याने आत पाय ठेवला आणि विमानाचं पुढचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. मला वाटलं माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं. चाक आणि जमीन यांच्यामध्ये उजेड दिसत होता. मग तो उजेड वाढत गेला, अगदी सावकाश, म्हैस बसताना जशी मागून खाली जाते तशी शेपटी खाली गेली, आणि नाक आकाशाकडे करून ते विमान बसलं. (शेपटीखाली आम्ही टेकू लावतो. लावलेला होता. तो लहानसहान चुकीसाठी असतो, अशा प्रेमासाठी नसतो. तो वाकला.) कुंपणाबाहेर कुणीतरी ओरडलं, "सुटलं! सुटलं!" शंभर माणसांनी टाळ्या वाजवल्या. हलगी दुप्पट वेगाने सुरू झाली. एका आजोबांनी टोपी काढून कपाळाला लावली. मामा, विमान शेपटीवर बसलेलं, आत माणूस अडकलेला, आणि लोक आनंदाने रडत होते.

वैमानिक साहेब त्या वेळी कार्यालयात चहा पीत होते. ते बाहेर आले, विमानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत विमानाकडे पाहिलं. मग त्यांनी मला अगदी सभ्यपणे विचारलं की इकडे हे नेहमी होतं का. माझ्या हातात लोडशीट होतं. मी उभ्या उभ्या सगळं गणित परत केलं आणि ते बरोबर आलं. मामा, मला जो धक्का बसला तो विमान बसल्याचा नव्हता. उत्तर बरोबर असताना विमान बसतं, याचा होता.

जोतीराम सुखरूप आहे. तो घसरत शेवटच्या पेटीपर्यंत गेला आणि फुलांवर बसला. बाहेर आला तेव्हा त्याच्या पाठीला काहीतरी काळं आणि चिकट लागलं होतं. आधी मला इंजिनाचं तेल वाटलं. जोतीरामने बोट लावून चाटलं आणि म्हणाला, "म्याडम, काकवी हाय."

विमानातून काकवी येत नाही. हे मला प्रशिक्षणात शिकवलेलं नाही, पण खात्रीने सांगू शकते.

आम्ही फुलांच्या पेट्या एकेक करून उतरवल्या आणि उघडल्या. वर जरबेरा होता. खाली काय होतं त्याची यादी मी जपून ठेवली आहे, तुम्हाला सगळी लिहीत नाही. गुळाचे रवे. भाजलेल्या शेंगा. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, सहा वेगवेगळ्या पिशव्यांत. कांदा-लसूण चटणीचे नऊ डबे. लिंबाच्या लोणच्याची बरणी, तोंडाला फडकं बांधलेली. एक दगडी खलबत्ता. (खलबत्ता, मामा. नवा. हैदराबादच्या व्यापाऱ्याकडे चटणी गेली तर ती कुटणार कशात, असा कुणीतरी विचार केलेला दिसतो, आणि चटणी आधीच कुटलेली असते हा विचार केलेला दिसत नाही.) सगळं जोतीरामने मोठ्या काट्यावर ढीग घालून तोललं. तीनशे सोळा किलो चारशे ग्रॅम. तीनशे किलो फुलांच्या पेट्यांत, विमानाच्या अगदी टोकाला, सहाशे सोळा किलो. आणि एकही पेटी मी न तोललेली नव्हती.

तेव्हा उलगडा झाला. मी वजन करून चिठ्ठी लावली, त्याच्यानंतर विमानाची वाट बघत सगळे तासभर शेडमध्ये बसले होते. त्या तासात मंडळींनी वानवळा घातला. मिरचीच्या पेट्या गच्च भरलेल्या असतात, फुलांच्या पेटीत जागा असते, म्हणून फुलांच्या पेट्यांत घातला. पुढे तपासणीच्या यंत्रातून पेट्या गेल्या, पण त्या यंत्राला बॉम्ब शोधायचा असतो, शेंगा नाहीत. मी शेडमध्ये परत गेले आणि विचारलं की वजन झाल्यावर पेटीत वस्तू का घातली. तर केरबातात्या, जे चाळीस वर्षं कारखान्याला उसाच्या गाड्या घालत होते, ते माझ्याकडे असे बघायला लागले की मीच काहीतरी अभद्र बोलले. म्हणाले, "मग काय वजनाच्या आधी घालायचा? पोरी, वानवळा कोण तोलतंय व्हय? माल तोलायचा, वानवळा नुसता द्यायचा. आन् पैलाच माल चाललाय परमुलखात, त्या पावण्याकडं मोकळ्या हातानं कसा धाडायचा?"

मी म्हटलं की तात्या, विमानाला वानवळा आणि माल यांतला फरक कळत नाही. तात्यांनी बाहेर जाऊन विमान बघितलं, टोपी मागे सारली आणि म्हणाले, "पोरी, गाडी उलाळ झाली." मागे भार जास्त झाला की बैलगाडी उलाळ होते; मला हे शिकायला चौदा आठवड्यांचं प्रशिक्षण आणि दोन परीक्षा लागल्या. त्यांना चार शब्द लागले. मात्र त्या गाडीत त्यांचा स्वतःचा काही हात आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर अजिबात दिसत नव्हतं.

आता खरी अडचण ऐका. शेपटीला चाळीस सेंटीमीटरचा ओरखडा पडला. विमान तपासणीसाठी थांबलं, माल संध्याकाळी ट्रकने गेला, आणि कंपनीने चौकशी लावली. बंगळूरहून रुद्रेश नावाचे अधिकारी शुक्रवारी अकरा वाजता येत आहेत. लोडशीटवर सही माझी आहे. मी त्यांना सांगणार की वजनानंतर पेट्यांत भर पडली. ते विचारणार, कुणी टाकली? आणि इथे मामा, मी हात टेकले. त्रेचाळीस माणसांपैकी एकही कबूल होत नाही. दिलेलं बोलून दाखवायचं नसतं म्हणे. गटातल्या बाळाबाईंना मी त्यांचीच बरणी दाखवली, झाकणावरच्या फडक्याचं कापड आणि त्यांच्या अंगावरच्या पोलक्याचं कापड एकच होतं. त्या म्हणाल्या, "माझी न्हवं. आसंल कुणाची तरी. लोणचं मातूर चांगलं घातलंय." बरं, सामान परत न्या म्हटलं तर तेही नेत नाहीत. दिलेलं परत घ्यायचं नसतं. म्हणजे तीनशे सोळा किलो पुरावा शेडमध्ये पडून आहे, त्याला मुंग्या लागल्या आहेत, आणि तो कुणीही दिलेला नाही.

चोरीचा आळ असता तर निदान दोघातिघांनी एकमेकांची नावं सांगितली असती.

सोमवारी वडगावात गटाची बैठक झाली. तिथे काय ठरलं ते बाळाबाईंनीच मला फोन करून सांगितलं, आणि वाईट हेतूने नाही, धीर द्यायला सांगितलं. बागायतदारांनी वजनात गडबड केली असं कागदावर आलं तर कंपनी विमान बंद करणार. तेव्हा चूक पोरीची होती असं म्हणायचं. "लेकरू आपलंच हाय," त्या म्हणाल्या, "दोन दिस रडंल, पर इमान तेवढं ऱ्हाईल." मामा, हे ऐकून मी फोन ठेवला आणि खिडकीतून समोरच्या क्लासच्या पाटीवरची अक्षरं मोजली. मी रडलेले नाही, एवढी नोंद असावी. पण चूक माझ्या नावावर आली तर तोल काढायची माझी परवानगी जाते, आणि ती एकदा गेली की परत कुणी देत नाही. सव्वीस वर्षांच्या आयुष्यात मी चांगलं करते अशी ती एकच गोष्ट आहे.

त्या बैठकीचे अध्यक्ष तुम्ही होता. म्हणजे त्या दोन तासांपुरते तरी तुम्ही रानात नव्हता.

मी तक्रार करत नाही. विमान राहावं असं मलाही वाटतं. ट्रकने गेलेला निम्मा जरबेरा हैदराबादला पोचेपर्यंत माना टाकून बसला होता, हे मला कळलं आहे. त्यासाठी मी एक उपाय लिहून काढला आहे. पेट्या बंद झाल्यावर, विमानाच्या पायथ्याशी, दुसऱ्यांदा वजन. आणि प्रत्येक फेरीला पन्नास किलो वानवळा रीतसर धरायचा, पुढच्या भागात, वजन करून. वैमानिक साहेबांना हा उपाय मान्य आहे. (शेंगा त्यांना आवडल्या. किती खाल्ल्या ते मी तोललं नाही.) पण न दिलेल्या वानवळ्यासाठी नियम करता येत नाही. आधी कुणीतरी म्हटलं पाहिजे की हो, आम्ही घातला, आणि इथून पुढे तोलून घालू.

असो. तुम्हाला त्रास द्यायचा म्हणून हे लिहिलेलं नाही. तुम्हाला खरी हकिकत ठाऊक असावी एवढाच हेतू होता. मामींच्या पाया पडते. गुडघ्याला तेल लावताना वरून खाली चोळा, खालून वर नको.

तुमची भाची,
अनुजा

ता. क. एवढाच हेतू होता असं वर लिहिलं, ते बरोबर नाही. मला तुमची सही हवी आहे. सोबत एक कागद जोडला आहे, त्यावर अडीच ओळी आहेत : वजनानंतर मी पेटीत वस्तू ठेवली, लोड कंट्रोलरला (म्हणजे मला) ती सांगितली नाही, यापुढे दुसऱ्या वजनाचा नियम गटाला मान्य आहे. अध्यक्षांनी सही केली की बाकीचे बेचाळीस करतील. केरबातात्या तर म्हणाले आहेत की "गणपत म्हणला तर मग बघू." कुणाला खाली बघायला लागणार नाही अशा शब्दांत लिहिलं आहे. "वानवळा" हा शब्दसुद्धा त्यात नाही, "वस्तू" म्हटलं आहे.

ता. क. २. एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, आणि वरच्या सगळ्या पत्रात ती टाळली. लोडशीटवर शेपटीकडच्या भागासमोर माझ्या हाताने एक ओळ लिहिलेली आहे : "इतर, १० किलो". रुद्रेश साहेब पहिला प्रश्न त्यावरच विचारतील. मामा, दहा वीसला मी कार्यालयाच्या खिडकीतून तुम्हाला पाहिलं. तुम्ही सदतीस नंबरची पेटी उघडलीत, मामींच्या जुन्या हिरव्या लुगड्यात बांधलेला गुळाचा रवा आत ठेवलात, इकडेतिकडे बघितलंत आणि पेटी परत चिकटवलीत. मी खाली येऊन तो काट्यावर ठेवायला सांगायला हवा होता. पण चारचौघांत मामाचा वानवळा तोलायचा हे माझ्याच्याने झालं नाही. मी अंदाजाने दहा किलो धरले, अंतराने गुणले, तोल परत काढला आणि सही केली. मला वाटलं, वजन झाल्यावर असं करणारं घर सगळ्या गटात एकच आहे. ते आपलं आहे. बाकीची बेचाळीस घरं शहाणी असतील असं मी धरून चालले, आणि मला खरा धक्का बसला असेल तर तो इथे.

ता. क. ३. गाडी साडेसातला येते म्हणून दुसरी ता. क. लिहून पाकीट बंद केलं होतं, पण गाडीला उशीर आहे असा फोन आला. तेवढ्यात मी माझ्या स्कूटरवरून शेडमध्ये जाऊन आले आणि तुमचं हिरवं गाठोडं ढिगातून काढून एकटंच काट्यावर ठेवलं. चौदा किलो दोनशे ग्रॅम. गुळाच्या खाली मामींनी शेंगा भरल्या आहेत. म्हणजे माझी ती ओळ लपवाछपवीची तर होतीच, वर चुकीचीही होती. आता तुमच्या सहीची वाट बघत नाही. माझा स्वतःचा जबाब मी लिहून टाकला आहे : मी पाहिलं, तोललं नाही, अंदाज केला. सही केली आहे. सोबतचा कागद हवा तर चुलीत घाला. पण "इतर" म्हणजे कोण, ते मला शुक्रवारी सांगावं लागणार आहे. वडगावहून नऊ वीसची एसटी तुम्हाला वेळेत पोचवते. तुम्ही समोर बसलेले असलात तर मला "हे माझे मामा" असं म्हणता येईल. नसलात तर "गणपतराव, वय एकसष्ट, धंदा शेती, चौकशीच्या वेळी रानात" असं लिहून द्यावं लागेल, आणि त्या कागदावरही सही माझीच असेल.